भाताच्या काडीचे बळ

आश्विनात लोंब्या दाण्यांनी जड होतात आणि नेमका त्याच वेळी परतीचा पाऊस वाऱ्यासह येतो. एका रात्रीत शेत लोळते. लोंब्या चिखलात टेकतात आणि दाण्यांना तेथेच मोड फुटतात. वर्षाचे कष्ट असे हातचे जातात. भाताची काडी तर आतून पोकळ. मग ती उभी राहते तरी कशाच्या आधाराने?

हा आधार पेशीभित्तिकेचा. पेशीची वाढ पुरी झाली, की मूळच्या पातळ भित्तीच्या आतून दुसरी, जाड भित्ती चढते. कोकणातील कुडात कारवीच्या काठ्यांवर मातीचा गिलावा असतो. तसे येथे सेल्युलोजचे धागे असतात आणि लिग्निन त्यांना घट्ट धरून ठेवते. ही घडण जनुकांच्या आज्ञेने चालते. दुय्यम भित्तीतील सेल्युलोजसाठी भातात तीन जनुके लागतात. त्यांतील एक जरी निकामी झाले, तरी काडी वाकविताच कट्‌कन मोडते. 2003 साली शोधलेल्या 'बीसी-1' या जनुकाचीही गोष्ट अशीच आहे. ते बिघडले की सेल्युलोज घटते, लिग्निन मात्र वाढते. तरीही काडी ठिसूळच राहते. काठ्याच कमी पडल्या, तर गिलावा कुडाला कसा सावरणार?

शेतकऱ्याला पहिला दिलासा मिळाला तो मात्र निराळ्या वाटेने. उंच जातींना नत्रखत दिले, की त्या अधिकच वाढून लोळत. फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने इंडोनेशियातील उंच 'पेटा' आणि तैवानमधील ठेंगू 'डी-जिओ-वू-जेन' यांच्या संकरातून 'आयआर-8' ही जात 1966 साली दिली. तिची काडी आखूड असल्याने ती खत पचवूनही उभी राहिली. या ठेंगूपणाचे कारण 2002 साली उमगले: 'एसडी-1' या जनुकातील दोषामुळे जिबरेलिन हे वाढीचे संप्रेरक कमी तयार होते.

परंतु काडी आखूड झाली, की गुरांच्या वाट्याचा पेंढाही घटतो. म्हणून शोध पुढे चालू राहिला. 2010 साली जपानी शास्त्रज्ञांना 'हबाताकी' या जातीत 'एससीएम-2' हे जनुक आढळले; त्याच्या योगाने काडी जाड होते आणि लोंबीतील दाणेही वाढतात. बळकटी आणि उत्पन्न यांचे वैर अटळ नाही, हे त्यावरून दिसून आले. घरात धान्य आणि गोठ्यात पेंढा, दोन्ही हवे असलेल्या शेतकऱ्याची आशा याच वाटेवर आहे.