त्रिकोणांच्या फाइलीत न मावणारी माहिती

एमआरआय यंत्र मेंदूचे चित्र थराथरांनी देते. एकावर एक रचलेल्या या करड्या थरांतून मेंदूचा वळ्यावळ्यांचा पृष्ठभाग वेगळा काढायचा, तर संगणकाला आत काय आणि बाहेर काय हे ठिपक्या-ठिपक्याला ठरवावे लागते आणि त्या सीमेवर हजारो बारीक त्रिकोणांची जाळी पसरावी लागते. त्यासाठीची ‘मार्चिंग क्यूब्ज’ ही गाजलेली रीत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या विल्यम लॉरेन्सन आणि हार्वी क्लाइन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. एका छोट्या घनाच्या आठ कोपऱ्यांपैकी कोणते आत पडतात आणि कोणते बाहेर, एवढे पाहून त्या घनातून जाणारे त्रिकोण ठरवायचे आणि मग पुढच्या घनाकडे वळायचे, असा तिचा गाभा. त्याच वर्षी अमेरिकेतल्याच थ्रीडी सिस्टिम्स या कंपनीसाठी एसटीएल हा फाइलींचा प्रकार तयार झाला. द्रवरूप राळेचे थर लेझरने घट्ट करत वस्तू घडवणाऱ्या यंत्राला आकार समजावून सांगणे, एवढेच त्याचे काम होते. एक वाट मोजमापाकडून आकाराकडे जाणारी होती, दुसरी आकाराकडून वस्तूकडे. आज तीच जाळी या दोन्ही वाटांवरून सतत ये-जा करते. प्रयोगशाळेतून ती ॲनिमेशनच्या प्रणालीत जाते, तिथून छपाईयंत्रात किंवा मोबाइलच्या पडद्यावर पोहोचते, आणि कधीकधी पुन्हा प्रयोगशाळेत परत येते. या प्रवासाला ‘फाइल कन्व्हर्ट करणे’ असे साधे नाव असल्यामुळे ती नुसती नक्कल आहे असे वाटते. माझे म्हणणे असे, की ती नक्कल नाही. रूपांतरात आकार बहुधा टिकतो. गळते ते आकाराला चिकटलेले ज्ञान, आणि आकार टिकल्यामुळेच ती गळती कुणाच्या लक्षात येत नाही.

हे नीट समजायला जाळीच्या फाइलीत काय असते ते पाहावे लागेल. पहिली यादी शिरोबिंदूंची असते, म्हणजे अवकाशातल्या प्रत्येक बिंदूचे तीन निर्देशक. दुसरी यादी त्रिकोणांची: कोणते तीन शिरोबिंदू जोडायचे त्यांचे क्रमांक. चित्रासाठी एवढे पुरते. पण शास्त्रीय जाळी चित्रासाठी केलेलीच नसते. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी विकसित केलेली ‘फ्रीसर्फर’ ही प्रणाली जगभर मेंदूच्या अभ्यासासाठी वापरली जाते. तिच्या ‘एफएसॲव्हरेज’ या प्रमाण मेंदूच्या प्रत्येक अर्धगोलाच्या जाळीत १,६३,८४२ शिरोबिंदू आणि ३,२७,६८० त्रिकोण आहेत. प्रत्येक शिरोबिंदूपाशी मेंदूच्या वरच्या थराची, म्हणजे कॉर्टेक्सची जाडी किती, हे वेगळ्या फाइलीत ठेवलेले असते. त्या फाइलीत निर्देशक नसतात आणि कोणत्या शिरोबिंदूची कोणती जाडी हेही लिहिलेले नसते. नुसत्या संख्या ओळीने असतात. पहिली संख्या पहिल्या शिरोबिंदूची, दुसरी दुसऱ्याची. वर्गातल्या मुलांचे गुण नावांशिवाय, केवळ हजेरीपटाच्या क्रमाने लिहून ठेवावेत तसे हे आहे. हजेरीपट बदलला की एकही गुण न खोडता सगळा निकाल चुकतो. अशा जाळीत क्रमाला आकाराइतकेच मोल असते.

आता हीच जाळी एसटीएलमध्ये नेऊ. बायनरी एसटीएलची रचना फार साधी आहे: सुरुवातीला मोकळ्या मजकुरासाठी ८० बाइट, मग त्रिकोणांची संख्या, आणि त्यानंतर दर त्रिकोणाला ५० बाइट. त्यात त्रिकोणाची लंबदिशा, तिन्ही टोकांचे निर्देशक आणि शेवटी दोन जादा बाइट एवढेच बसते. सामाईक शिरोबिंदू ही कल्पनाच एसटीएलमध्ये नाही. सहा त्रिकोण एका बिंदूत मिळत असतील, तर तो बिंदू सहा वेळा लिहिला जातो. त्यामुळे आपल्या अर्धगोलाची फाइल साधारण १ कोटी ६४ लाख बाइटची होते आणि तिच्यात ९,८३,०४० टोके येतात. ही फाइल पुन्हा उघडली, की वाचणारी प्रणाली सारख्या निर्देशकांची टोके एकत्र करते आणि त्यांना नवे क्रमांक देते. पहिल्या त्रिकोणाचे पहिले टोक शून्य क्रमांकाचे, दुसरे एक क्रमांकाचे, असे जे आधी सापडेल ते आधी. एकत्रीकरण अचूक झाले, तर शिरोबिंदू पुन्हा १,६३,८४२ भरतात आणि त्रिकोणही ३,२७,६८० च. जाडीची फाइल तर तेवढ्याच संख्यांची आहे. संख्या जुळल्यामुळे प्रणाली हरकत घेत नाही, मेंदूवर जाडीचे रंग भरून दाखवते, आणि त्यातली जवळजवळ प्रत्येक जाडी भलत्याच जागी पडलेली असते. संख्या चुकली असती तर निदान काम अडले असते. या उदाहरणात रंग विस्कटलेले दिसल्याने जाणकाराला संशय तरी येईल. पण क्रम थोड्याच भागात हलला असेल, किंवा त्या संख्यांचे चित्र न काढता थेट सरासरी काढली जात असेल, तर संशयालाही जागा उरत नाही. ग्राफिक्सच्या जगालाही ही अडचण ठाऊक आहे. ब्लेंडर या प्रसिद्ध प्रणालीत ओबीजे या जाळीच्या दुसऱ्या रूढ प्रकारातली फाइल आत घेताना शिरोबिंदूंचा क्रम जपण्याचा पर्याय बराच काळ वेगळा द्यावा लागला होता, तो उगाच नव्हे.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की क्रम गेला तरी निर्देशक जागेवर आहेत ना? मग जागेवरून सगळे पुन्हा जुळवता येईल. पण निर्देशक कोणत्या चौकटीतले आहेत, हे एसटीएल आणि ओबीजे सांगत नाहीत. वैद्यकीय प्रतिमांमध्ये निदान दोन चौकटी रूढ आहेत. एकीत उजवीकडे, पुढे आणि वर जाताना आकडे वाढतात. मेंदूसंशोधनातल्या निफ्टी फाइली हिच्यात असतात. दुसरीत डावीकडे, मागे आणि वर जाताना वाढतात. रुग्णालयांतली डायकॉम पद्धत हिच्यात चालते. एका चौकटीतली जाळी दुसरीत तशीच उघडली, तर ती उभ्या अक्षाभोवती अर्धा फेरा फिरते. आरशातल्यासारखी उलटत नाही, त्यामुळे आकारात खोट दिसत नाही. मूळ स्कॅनवर ठेवली तरच कळते की कपाळाच्या जागी डोक्याची मागची बाजू आली आहे. फ्रीसर्फर तर आपल्या जाळीसाठी स्वतःचा आरंभबिंदू धरते आणि स्कॅनरच्या चौकटीपासून तो किती सरकला आहे, याचा हिशेब मूळ फाइलीत ठेवते. ओबीजेमध्ये गेल्यावर तो हिशेब राहत नाही, आणि उरलेली जाळी खऱ्या जागेपासून काही मिलिमीटर बाजूला तरंगते. मेंदूच्या बाबतीत काही मिलिमीटर म्हणजे शेजारची वळी. ‘थ्रीडी स्लायसर’ या मुक्त वैद्यकीय प्रणालीने यावर काढलेला उपाय बोलका आहे. फाइलीच्या सुरुवातीच्या मोकळ्या मजकुरात ती चौकटीचे नाव लिहून ठेवते. प्रकारात जागाच नसलेली माहिती समासात लिहिण्याची ही वेळ आहे, आणि समास वाचण्याची सक्ती कोणत्याही प्रणालीवर नाही.

एककांचेही तसेच. एसटीएलमधला १७० हा आकडा मिलिमीटर, सेंटिमीटर की इंच, हे फाइल सांगत नाही, उघडणाऱ्याने ओळखायचे. रंगांची गोष्ट अधिक खेदाची आहे. दर त्रिकोणामागे उरलेल्या त्या दोन बाइटांत काही प्रणालींनी रंग भरायला सुरुवात केली. पण एका गटाने लाल-हिरवा-निळा हा क्रम धरला, तर दुसऱ्याने नेमका उलटा. मोकळ्या जागेचा वापर प्रत्येकाने आपापल्या सोयीने केला, की लाल भागाचा निळा होतो.

निर्देशकांची अचूकता हा याहून सूक्ष्म मुद्दा आहे, आणि तो महाराष्ट्रातल्या कामांना थेट लागू पडतो. बायनरी एसटीएलमधली प्रत्येक संख्या ३२ बिटांची असते आणि तिच्यात सुमारे सात सार्थ अंकच मावतात. मेंदूसाठी ते भरपूर आहेत. पण एखाद्या किल्ल्याची ड्रोनने किंवा लेझरने मोजणी करून जाळी बनवली, तर तिचे निर्देशक बहुधा यूटीएम या नकाशापद्धतीत असतात, आणि तिथे उत्तरेकडचे अंतर विषुववृत्तापासून मीटरमध्ये मोजतात. रायगडासाठी हा आकडा वीस लाखांच्या थोडा वर आहे. एवढ्या मोठ्या आकड्याजवळ ३२ बिटांच्या दोन लगतच्या संख्यांमध्ये साडेबारा सेंटिमीटरचे अंतर पडते. शिवनेरी आणखी उत्तरेला आहे. त्याचा आकडा २०,९७,१५२ ही दोनाच्या घाताची मर्यादा ओलांडतो, आणि तेच अंतर दुप्पट, २५ सेंटिमीटर होते. म्हणजे दगडावरची छिन्नीची खूण टिपणारी मोजणी केली आणि फाइल तशीच रूपांतरित केली, तर तटबंदीचे चिरे एका दिशेने साडेबारा किंवा २५ सेंटिमीटरच्या पायऱ्यांवर जाऊन बसतात. मोजणीच्या यंत्राने चूक केलेली नाही, माणसानेही नाही. उपायही सोपा आहे: सगळ्या निर्देशकांमधून एक मोठी ठरीव संख्या वजा करायची आणि लहान आकडे लिहायचे. ‘क्लाउडकम्पेअर’ ही प्रणाली मोठे निर्देशक दिसताच असे सरकवण्याचा प्रस्ताव स्वतःहून मांडते. मात्र वजा केलेली संख्या कुठेतरी नोंदवून ठेवावी लागते. नाहीतर किल्ला सुबक दिसेल आणि नकाशावर कुठे बसतो ते कुणाला सांगता येणार नाही.

मग सगळ्यांनी मिळून एकच सर्वसमावेशक प्रकार का वापरू नये, असा प्रश्न साहजिक आहे. तसे प्रयत्न झाले आहेत आणि त्यांचे श्रेय नाकारता येणार नाही. क्रोनोस समूहाचा जीएलटीएफ हा प्रकार लांबी मीटरमध्येच धरतो आणि वरची दिशा कोणती हेही ठरवून देतो. दोन जुन्या तक्रारी त्याने मुळातच संपवल्या. पण तो प्रकार पडद्यावर वेगाने चित्र उमटावे म्हणून घडवला आहे, आणि वेगाच्या मागण्या शास्त्राच्या मागण्यांच्या विरुद्ध जातात. पोत चढवताना जिथे शिवण येते, तिथे एकाच शिरोबिंदूचे दोन करावे लागतात. फाइल लहान करणारी गूगलची ‘ड्रॅको’ ही रीत शिरोबिंदूंचा क्रम बदलते आणि निर्देशक ठरावीक पायऱ्यांवर गोल करते. खेळ किंवा संकेतस्थळ बनवणाऱ्यासाठी हे सगळे योग्यच आहे. त्याला १,६३,८४२ पैकी दहा हजारावा शिरोबिंदू तोच आहे का, याच्याशी काही देणेघेणे नाही. उलट मेंदूसंशोधकांनी आपल्यासाठी गिफ्टी हा प्रकार बनवला, त्यात निर्देशकांची चौकट लिहिता येते, डाव्या की उजव्या अर्धगोलाचे कॉर्टेक्स हेही नोंदवता येते, पण तो ॲनिमेशनच्या बहुतेक प्रणालींना उघडता येत नाही. गरजा खरोखर वेगळ्या आहेत, म्हणून प्रकारही वेगळे राहणार, आणि रूपांतर टळणार नाही.

शिरोबिंदूंजवळची माहिती जाळीच्याच फाइलीत बांधून का पाठवू नये, हाही रास्त आक्षेप आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९० च्या दशकात तयार झालेला पीएलवाय प्रकार नेमके हेच करू देतो. फाइलीच्या मथळ्यात हव्या त्या गुणधर्माचे नाव जाहीर करायचे आणि प्रत्येक शिरोबिंदूबरोबर त्याची किंमत लिहायची. माझ्या मते ज्याला विज्ञानाकडून ग्राफिक्सकडे जायचे आहे, त्याने पहिला विचार याचाच करावा. अडचण वाचणाऱ्याकडे आहे. अनोळखी नावाचा गुणधर्म दिसला की अनेक प्रणाली तो मुकाट्याने सोडून देतात, आणि फाइल पुन्हा जतन केली की तो कायमचा जातो. जाडीचे रंग करून पाठवले तर रंग पोहोचतात; पण कोणता रंग किती मिलिमीटरचा, ही पट्टी वेगळी राहते, आणि पट्टीबाहेरच्या सगळ्या किमती टोकाच्या एकाच रंगात बुडालेल्या असतात.

फक्त छापायचे किंवा चित्र काढायचे असेल, तर एवढी काळजी कशाला, असे कुणी म्हणेल. वर्गात दाखवायचे मेंदूचे प्रारूप छापायला एसटीएल उत्तम आहे. त्याचा साधेपणा हेच त्याच्या दीर्घायुष्याचे कारण. पण छापलेला जबडा शस्त्रक्रियेचा आराखडा ठरवायला वापरला जाणार असेल, तर एकक आणि बाजू यांची खात्री करावीच लागते. शिवाय फाइल तिच्या पहिल्या उद्देशापाशी थांबत नाही. सोयीसाठी केलेली ओबीजे पुढच्या माणसाच्या हाती मूळ म्हणून पोहोचते. म्हणून शास्त्रीय स्वरूपातली फाइल हेच मूळ मानावे आणि बाकीची रूपे तिच्यातून हवी तेव्हा काढावीत. उलट दिशेने येणारी जाळी मोजमापासाठी तपासल्याशिवाय घेऊ नये. तपासणी डोळ्यांनी नव्हे, आकड्यांनी करावी. जाळीवर एकमेकांपासून दूर असलेले तीन-चार शिरोबिंदू निवडायचे, त्यांचे क्रमांक आणि निर्देशक रूपांतराआधी लिहून ठेवायचे, आणि रूपांतरानंतर त्याच क्रमांकांवर तेच आकडे मिळतात का ते पाहायचे. सगळे आकडे हजारपटीने बदलले असतील तर एकक चुकले. फक्त पहिल्या दोन आकड्यांची चिन्हे उलटली असतील तर चौकट बदलली. सर्वांत सारखाच फरक पडला असेल तर आरंभबिंदू सरकला. आणि आकड्यांचा एकमेकांशी काहीच मेळ बसत नसेल, तर क्रम गेला आहे. ती जाळी छापायला द्यावी, तिच्यावर जाडीची फाइल चढवू नये.