थंडी माणसाला, झूल घोड्याला

मार्गशीर्षात दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. तीच तापी पुढे सुरतेला समुद्र गाठते. सुरतेत कमुरतांचा, म्हणजे लग्नांना वर्ज्य मानलेला, महिना वगळला तर हिवाळा म्हणजे लग्नसराई, आणि वरातीच्या घोड्यांना उसंत नसते. पहाटे गारठा जाणवला की तबेल्याला ताडपत्री लागते, घोड्यांवर झुली चढतात, कोपऱ्यात शेकोटी पेटते. त्यामागची माया खरी असते, पण थंडी मोजलेली असते ती माणसाच्या अंगाने.

सवय झालेल्या निरोगी, मोठ्या घोड्याला साधारण 5 ते 25 अंश सेल्सिअसच्या दरम्यान शरीराचे तापमान राखायला जादा ऊर्जा लागत नाही. सुरतेत जानेवारीतली पहाट सरासरी 15 अंशांच्या आसपास असते आणि दुपारी पारा तिशीला टेकतो. म्हणजे पहाटे घोडा सुखात असतो. रात्रीची झूल दुपारपर्यंत तशीच राहिली, तर तो त्रासतो.

हिवाळी केसांची तयारी घोडा स्वतःच करतो, तीही थंडीच्या आधी. दिवस लहान होऊ लागले की मेंदूतल्या पिनियल ग्रंथीतून मेलाटोनिन रात्री जास्त वेळ स्रवते, प्रोलॅक्टिन उतरते आणि लांब केस येऊ लागतात. सुरतेत जूनमधला दिवस साडेतेरा तासांच्या आसपास, तर डिसेंबरमधला जेमतेम अकरा तासांचा. स्पितीच्या तट्टाइतकी दाट लव इथल्या काठियावाडी घोड्याला येत नाही, आणि गरजही नसते. गार वाटले की केस उभे राहतात आणि त्यांच्यात हवा कोंडून ऊब टिकते. जड झुलीखाली हेच केस चपटे होतात.

मला खरी काळजी वाटते ती बंद तबेल्याची. मुतातल्या युरियापासून जिवाणू अमोनिया तयार करतात. उभ्या माणसाला त्याचा वास फारसा येत नाही. जमिनीलगत वाकून श्वास घ्या, डोळे चुरचुरतील. घोडा चारा खातो आणि झोपतो तो त्याच उंचीवर. त्यात कडब्याची धूळ, बुरशीचे कण आणि शेकोटीचा धूर मिसळला की श्वासनलिकेतल्या सूक्ष्म लवांचे काम मंदावते आणि खोकला सुरू होतो. म्हणून ताडपत्री लावायचीच तर वाऱ्याच्या एका बाजूला लावावी, छताखालची फट मोकळी ठेवावी आणि ओले अंथरूण रोज उचलावे. कडबा-गवत पाणी शिंपडून घातले तर धूळ बसते.

दुसरी गोष्ट पाण्याची. काम नसतानाही घोडा दिवसाला सुमारे 25 ते 40 लिटर पाणी पितो. गार दिवसांत तहान कमी होते, हिरवा चारा घटतो आणि सुका वाढतो. मोठे आतडे एका वळणावर अचानक अरुंद होते. कोरडा चारा तिथेच तटतो आणि पोटशूळ उठतो, तो कधी जिवावर बेततो. कोमट पाणी ठेवले, चाऱ्यावर थोडे मीठ घातले की घोडा जास्त पितो. लिदीकडे रोज पाहावे: गोळे लहान, कडक आणि कोरडे झाले तर पाणी कमी पडते आहे. ऊब देण्यासाठी चंदी वाढवतात, पण आतड्यात जिवाणू चाऱ्यातले तंतू आंबवतात तेव्हा जास्त उष्णता निघते. गार रात्री दोन पेंढ्या जास्त घालाव्यात, हरभरा नाही.

पावसाळ्यानंतर रक्त पिणाऱ्या माश्यांमुळे पसरणारा सर्रा हा आजार हिवाळ्याच्या तोंडावर उघड होतो. येऊन-जाऊन ताप, खंगत जाणे, पायांवर सूज दिसली तर हंगामाआधीच पशुवैद्याकडून रक्त तपासून घ्यावे.

राहिली वरात. बँडसमोर नाचलेला घोडा मध्यरात्री घामाने निथळत परततो. घोड्याच्या घामात लॅथेरिन नावाचे प्रथिन असते. त्यामुळे घाम केसांत मुळापर्यंत पसरतो, फेस येतो. भिजलेल्या केसांत हवा राहत नाही आणि ऊब निसटते. अशा वेळी लगेच झूल टाकली तर ओल आतच राहते. खोगीर उतरवून त्याला सावकाश फिरवावे, घोट-घोट पाणी द्यावे, कोरड्या फडक्याने पुसावे. छाती आणि खोगिराखालची जागा हाताला कोरडी लागली की मग खरारा, आणि वारा बोचत असेल तरच एक हलकी झूल.