शालूचा खरा रंग कोणता?

लॅपटॉपवर हिरवा शालू झकास दिसतो आणि छापून आला की काळपट. दोष बहुधा छापखान्याचा नसतो. पडद्याचा उजेडच भरमसाट असतो. छपाईसाठी फोटो सुधारताना मॉनिटरचा उजेड १०० ते १२० निट्सवर ठेवावा. नवा पडदा घेताना पॅनल आयपीएसच घ्या, मान तिरकी केली तरी रंग फारसे पालटत नाहीत. एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ साली मांडलेल्या एसआरजीबी मापातले ९५ टक्क्यांहून अधिक रंग दाखवणारा पडदा घरगुती कामाला पुरतो. स्वस्त लॅपटॉप बरेचदा साठ-पासष्टातच दमतात. फोर-केचा सोस नंतर (दुकानदार आधी तेच गळ्यात मारतो). त्या पैशांत कॅलिब्रेटर घ्या. पडद्याला टेकवलं की हे यंत्र लाल, हिरवा, निळा मोजतं आणि चूक भरून काढणारी प्रोफाइल बनवतं. मात्र पडद्यावर खिडकीचं ऊन नको.