उतरण नको, हक्काचे अवजार हवे

वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. सुरुवातीला ३७२ कोटींचा असलेला हा प्रकल्प पुढे १८ हजार कोटींच्या वर गेला आणि २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्प ठरला. या पाण्याखाली ज्यांची घरे आणि शेते गेली, त्यांची मुले आज पुनर्वसित गावठाणात राहतात. शेत गेले, म्हणून नोकरीशिवाय आधार उरला नाही आणि नोकरीची वाट आता संगणकातून जाते. २०२३ ची तलाठी भरती घ्या. अर्ज ऑनलाइन आणि परीक्षाही संगणकावरच. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर. लिपिकाच्या पदाला मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचे टंकलेखन. मोबाईलवर अर्ज कसाबसा भरता येतो. पण टंकलेखनाला हात मोबाईलवर बसत नाही.

अशाच एका गावठाणातील विहाराच्या अभ्यासिकेत आम्ही काही जण काम करतो. वर्गणी काढून घेतलेला एक लॅपटॉप तेथे आहे. तो आता थकला. सुरू व्हायला दहा मिनिटे, वीज गेली की वीस मिनिटांत बंद, झाकणाची बिजागरी सैल. त्यात विंडोज १० या प्रणालीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. धम्मचक्र प्रवर्तनाचीच तारीख असल्याने आपल्या लोकांना ती वेगळी लक्षात ठेवावी लागणार नाही! याचा अर्थ लॅपटॉप त्या दिवशी बंद पडला असा नाही. सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या मिळणे थांबले, एवढाच आहे. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी ही मुदत वाढवली गेली, पण तीही ऑक्टोबर २०२६ पर्यंतच.

प्रश्न असा पडला, की नवा घ्यावा, आहे तोच दुरुस्त करावा, की कंपन्यांनी वापरून काढलेला, दुरुस्त करून विकला जाणारा म्हणजे रिफर्बिश्ड लॅपटॉप घ्यावा? नव्याची किंमत वर्गणीच्या आवाक्याबाहेर. पोरे म्हणाली, रिफर्बिश्ड घेऊ, निम्म्या पैशात काम होते. त्यावर एक वयोवृद्ध बुवा ताडकन बोलले, "मोठ्या लोकायची उतरन आता विहारात आनाची का?"

पोरे हसली. आम्हाला मात्र हसू आले नाही. बुवांचा प्रश्न हजार वर्षांचा आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शूद्राला उष्टे अन्न आणि जीर्ण वस्त्रे द्यावीत, चांडाळाने प्रेताची वस्त्रे नेसावीत, असे लिहून ठेवले आहे. गावगाड्याने ते शब्दशः पाळले. उतरलेले लुगडे, शिळी भाकर, मेलेले जनावर हाच आमच्या आज्या-पणज्यांचा मोबदला. २५ डिसेंबर १९२७ ला महाडात ती मनुस्मृती जाळली गेली. त्याच महाडात बाबासाहेबांनी आमच्या मायबहिणींना अस्पृश्यतेची ओळख सांगणारी नेसण्याची रीत आणि दागिने टाकून द्यायला सांगितले. जो समाज उतरण फेकून माणूस झाला, त्याने जुनी वस्तू पाहून एकदा थबकावे, हे स्वाभिमानाचेच लक्षण आहे.

पण थबकून विचार करावा, विचार थांबवू नये. उतरण म्हणजे नेमके काय? देणारा आपल्या मर्जीने देतो, घेणाऱ्याला निवड नसते, नको म्हणण्याची सोय नसते, बिघडले तर तक्रार करता येत नाही आणि वर उपकार मानावे लागतात. वस्तू जुनी असणे हा उतरणीचा एक भाग झाला; लाचारी हा तिचा गाभा. १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कला शिकताना बाबासाहेबांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार पुस्तके जमवली. ती दुसऱ्यांनी वाचून विकलेली होती. म्हणून ती उतरण झाली काय? पोटाला चिमटा काढून, स्वतः निवडून, दाम मोजून घेतलेली ती अवजारे होती. तेव्हा जुने की नवे, एवढ्यावर भागत नाही. निवड कोणाची आणि हक्क कोणाचा, हे पाहावे लागते.

या कसोटीवर खरी उतरण वेगळीच दिसते. एखाद्या कचेरीने बंद पडलेले संगणक वस्तीतल्या शाळेला 'दान' द्यावेत, हार घालून फोटो काढावा आणि आठ दिवसांत ते डबे कोपऱ्यात धूळ खात पडावेत, ही उतरण. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. मोठ्या वापरकर्त्यांनी आपला ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्ती करणारे किंवा पुनर्चक्रण करणारे यांच्याकडेच द्यायचा असतो. तो खर्च आणि ती जबाबदारी दानाच्या नावाखाली आमच्या वस्तीवर कोणी ढकलू नये. असे दान आले तर आधी सुरू करून दाखवा म्हणावे. सुरू होत नसेल तर नम्रपणे परत पाठवावे.

आता हिशेबाचे बोलू. पहिला प्रश्न, जुनाच दुरुस्त होतो का? संथपणाचे कारण बहुधा जुनी फिरती हार्ड डिस्क असते. तिच्या जागी एसएसडी बसवली, रॅम ४ ची ८ जीबी केली, पंख्यातली धूळ काढली, तर आठ-नऊ वर्षांचे यंत्रही धावू लागते. बॅटरीही बदलता येते. मात्र विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. आमचा त्याआधीचा आहे. त्यावर मोफत मिळणारी लिनक्स प्रणाली उत्तम चालते, युनिकोड मराठीही चालते. पण काही सराव-सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतात. म्हणजे दुरुस्तीने जुने यंत्र जगेल, पण सगळी कामे करणार नाही.

दुसरा प्रश्न, रिफर्बिश्ड घ्यायचा तर काय पाहून? प्रोसेसरची पिढी विचारावी. आठवीच्या खालचा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. प्रत्येक कळ दाबून पाहावी. पडद्यावर डाग आहेत का, चार्जिंगची पिन हलते का, कॅमेरा आणि वायफाय चालते का, हे दुकानातच तपासावे. बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता सांगणारा अहवाल विंडोज स्वतः तयार करून देते, तो मागावा. आधीच्या कंपनीचे कुलूप किंवा पासवर्ड आत राहिलेला नसावा. विंडोज परवान्याची आहे ना, हेही विचारावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे यंत्राचा क्रमांक लिहिलेले पक्के बिल आणि लेखी वॉरंटी. बिल नसलेला माल चोरीचा असू शकतो, आणि वॉरंटी तोंडी असेल तर ती वॉरंटीच नव्हे.

बिल का, तर तोच आपला हक्क. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दाम मोजून वस्तू घेणारा ग्राहक ठरतो. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. गावगाड्यात उतरण घेणाऱ्याला दाद मागायला जागा नव्हती. आज ती आहे, आणि तिचा दरवाजा बिलाच्या कागदाने उघडतो.

आम्ही ठरवले ते असे. बिल आणि एक वर्षाची लेखी वॉरंटी देणाऱ्या दुकानातूनच रिफर्बिश्ड लॅपटॉप घ्यायचा, आणि तोही ज्याचे सुटे भाग नागपूरच्या बाजारात सहज मिळतात असा. जुन्याला एसएसडी आणि लिनक्स घालून तो टंकलेखनाला हात बसवण्यासाठी ठेवायचा. एका यंत्रामागे रांग लावणाऱ्या पोरांना दोन यंत्रे मिळतील. खर्चाचा हिशेब बिलासकट विहाराच्या फलकावर लागेल. बुवांना हे सारे समजावून सांगितले. ते म्हणाले, "पैसे आपले अन् पावती आपली, तं मंग उतरन कायची?" बुवांनी सगळा लेख एका वाक्यात सांगितला.

दोन गोष्टी सर्वच अभ्यासिकांनी ध्यानात घ्याव्यात. जुन्या यंत्रात मुलांचे आधार कार्ड, जातीचे दाखले, बँकेची पासबुके साठलेली असतात. फाइल खोडली म्हणजे ती गेली असे नाही. यंत्र वा काढलेली हार्ड डिस्क हातावेगळी करण्याआधी सारी माहिती कायमची पुसून घ्यावी. त्याआधी तिची एक प्रत दुसरीकडे ठेवावी. बाबासाहेबांची बरीच पुस्तके १९१७ मध्ये जहाज पाणबुडीने बुडवल्यामुळे समुद्रात गेली. ज्ञान एकाच जागी ठेवण्याचा धोका तेव्हाही होता, आजही आहे.

दुसरे, मेलेले यंत्र भंगारात फेकू नये. त्यात शिसे, पारा, कॅडमियम असते. तांब्यासाठी तारा जाळणारा, ॲसिडात हात घालणारा माणूस बहुधा आपल्यासारख्याच वस्तीतला असतो. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, तेथून वैनगंगेला आणि शेवटी गोसीखुर्दच्या जलाशयात येते. वरच्यांची घाण खालच्यांच्या वाट्याला येते म्हणजे काय, हे आम्हाला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

शेवटी शासनाला सांगणे आहे. आम्ही वर्गणी काढली, म्हणून तुमची जबाबदारी फिटली नाही. पुनर्वसित गावठाणासाठी १८ नागरी सुविधा ठरल्या, त्यांत रस्ते, नाल्या, शाळा, स्मशानभूमी आहे. भरती संगणकावर नेलीत, तर त्या यादीत संगणकासह अभ्यासिकाही आली पाहिजे. १८ हजार कोटींच्या धरणासाठी ज्यांनी गाव दिले, त्यांची पोरे एका लॅपटॉपभोवती पाळी लावून बसतात. ही मागणी आता गावोगावच्या अभ्यासिकांनी ठराव करून, सह्यांनिशी, जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवावी. आणि हो, पोच घ्यायला विसरू नये.