चासी जुनी, तोफ नवी

देवळालीच्या फायरिंग रेंजवर सराव सुरू झाला की आसपासच्या गावांना धमाके ऐकू येतात. नाशिकची ही ओळख तोफखान्याची. रणगाड्यांचे घर म्हणजे अहिल्यानगर. तरीही जुन्या रणगाड्याला दुसरे आयुष्य देण्याचा आपल्याकडचा सर्वांत धाडसी प्रयोग झाला तो तोफखान्यासाठीच.

ब्रिटनच्या व्हिकर्स कंपनीच्या आराखड्यावरून १९६५पासून चेन्नईजवळच्या आवडीच्या कारखान्यात बांधला जाऊ लागलेला विजयंता रणगाडा ऐंशीच्या दशकात मागे पडत चालला होता. त्याच सुमारास तोफखान्याची अडचण वेगळी होती. रशियन १३० मिमी एम-४६ तोफ २७ किलोमीटरपर्यंत मारा करायची, पण ती ट्रकमागून ओढून न्यावी लागे. वाळवंटात धावणाऱ्या रणगाड्यांच्या मागोमाग तिला पोहोचता येत नसे. मग विजयंताचा टरेट उतरवला आणि त्याच्या चासीवर ही तोफ चढवली. हीच ‘कॅटापुल्ट’. तोफचींना वरून पोलादी छताचा आडोसा मिळाला, बाजू मात्र उघड्याच राहिल्या. विजयंता सैन्यातून गेला, त्याची चासी तोफ वाहत राहिली. पुढे अर्जुन रणगाड्याच्या चासीवर हीच तोफ बसवून चाचण्याही झाल्या.

एम-४६चा आणखी एक अवतार त्याहून साधा आहे. गाडा तोच ठेवून १५५ मिमीची नळी बसवली की ‘शारंग’ तयार होते. मारा ३६ किलोमीटरच्या पुढे जातो, आणि मोठा फायदा म्हणजे बोफोर्स आणि धनुष या तोफांच्याच मापाचा गोळा तिला चालतो. टी-५५ रणगाड्याची १०० मिमी तोफ काढून १०५ मिमी बसवली तेव्हाही विजयंताशी माप असेच जुळले होते. युद्धात दारूगोळ्याची रसद जितकी एकसारखी तितकी बरी.

टी-७२ अर्थात ‘अजेय’ रणगाड्याचे गणित अवघड आहे. तो सुमारे ४१ टनांचा, इंजिन ७८० अश्वशक्तीचे. पुण्याच्या एचईएमआरएल प्रयोगशाळेने विकसित केलेले स्फोटक चिलखत त्यावर चढवले. पोलादी पेटीतली स्फोटके येणाऱ्या माऱ्याची धार मोडतात, पण वजन वाढते आणि तेवढेच इंजिन दमते. म्हणून मार्च २०२५मध्ये १००० अश्वशक्तीच्या इंजिनांसाठी रशियाशी २४.८ कोटी डॉलरचा करार झाला. तंत्रज्ञान आवडीच्या कारखान्याला मिळणार आहे. माझ्या मते मात्र पहिला खर्च थर्मल साइटवर व्हायला हवा. रात्री शत्रू आधी दिसला नाही, तर वाढीव अश्वशक्तीचा उपयोग काय?

ओझरच्या एचएएलमध्ये मिग-२१ बाबत हाच क्रम पाळला गेला. ‘बायसन’ करताना नवे रडार आणि नवी क्षेपणास्त्रे दिली, मूळ विमान जुनेच राहिले. अशी सव्वाशे विमाने सुधारली गेली. २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडमध्ये मिग-२१ला निरोप देण्यात आला. इतकी वर्षे ते लढाऊ राहिले, याचे मोठे श्रेय ओझरच्या कामगारांना द्यायलाच हवे.

काही दोष मात्र बांधणीतच असतात. टी-७२चे गोळे टरेटखालच्या फिरत्या चकतीत, माणसांच्या पायाशी रचलेले असतात. चिलखत भेदले गेले की ते पेटतात आणि टरेटच उडून जातो. युक्रेनमध्ये जगाने हे वारंवार पाहिले. ही रचना बदलायची तर रणगाडाच नव्याने आखावा लागेल. त्यामुळे अजेयला नवे इंजिन देतानाच त्याच्या जागी येणाऱ्या रणगाड्याचे काम रेंगाळू देता कामा नये. आत बसलेल्या तिघांचा जीव त्यावर अवलंबून आहे.