दिवाळीआधीची पेटी

दिवाळीच्या सुमारास धारूर, केज, वडवणी, पाटोदा भागातून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. त्याआधी टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता आणि कोयत्यामागे ठरलेली रक्कम. दवाखाना, लग्न, जुनं देणं यांत ती घरातच संपते. फेडायची मात्र थळात, म्हणजे तोडीच्या उसात, राबून. बचत गटाकडे मी या उचलीच्या बाजूनंच बघते.

गट 10 ते 20 बायकांचा, बहुधा एकाच वस्तीवरच्या. समजा, 12 जणी आठवड्याला 50 रुपये टाकतात. 26 आठवड्यांत 15,600 रुपये जमतात. पेटी एकीच्या घरी, किल्ली दुसरीकडे. बैठकीत सतरंजीवर नोंदवही वाचली जाते. अंगठा टेकवण्याआधी एखादी विचारतेच, “माझे किती झाले गं?” हा प्रश्न गटाचा कणा आहे.

याच पैशातून अंतर्गत कर्ज मिळतं. 5,000 रुपयांवर महिना 2 टक्के धरले, तर पहिल्या महिन्याचं व्याज 100 रुपये. सावकाराचा दर 5 टक्के असेल तर तेच 250. शिवाय गटाचं व्याज परत त्याच पेटीत पडतं. मायक्रोफायनान्स कंपनीच्या कर्जात ते गावाबाहेर जातं. दोन्हींना लोक ‘गटाचं कर्ज’च म्हणतात, म्हणून सही करण्याआधी कर्ज कुणाचं ते विचारून घ्यावं.

नाबार्डनं 1992 मध्ये 500 गट बँकांशी जोडायचा प्रयोग सुरू केला. तेव्हापासून बँकेचं कर्ज देताना तारणाऐवजी गटाचा व्यवहार बघितला जातो: बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब, सगळं नियमित. यालाच पंचसूत्री म्हणतात. महिला आर्थिक विकास महामंडळ (माविम) आणि राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान ‘उमेद’ गटांना हेच शिकवतात. ‘उमेद’कडून फिरता निधीही मिळतो.

पण अर्ध्या जणी पाच-सहा महिने कारखान्यावर असतील, तर नियमित बैठक व्हायची कशी? जाण्याआधीच ठरवावं लागतं: वही कुणाकडे, बचत फोनवरून कशी पाठवायची, हप्ता परतल्यावर कधीपासून. मजुरी हातात येते तेव्हाच हप्ता बसवावा, असं मला ठामपणे वाटतं.

लाखाच्या घरातल्या उचलीची जागा गट घेऊ शकत नाही. पण पोराच्या तापासाठी, वह्या-पुस्तकांसाठी, सासूच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी पैसे पेटीतून निघाले, तर तेवढी उचल कमी घ्यावी लागते. उचल कमी, तर पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, फिटायची बाकीही कमी.