कोळशाच्या रेषेत बीडीडी चाळ

कलाशाळेतल्या प्रायोगिक अ‍ॅनिमेशनसाठी वरळीची बीडीडी चाळ हा हाताशी असलेला मोठा विषय आहे. १९२० च्या दशकातल्या या चाळींच्या जागी टॉवर उभे राहत आहेत. १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचं घर मिळतं. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या गेल्या.

तंत्र विषयाला साजेसं हवं. एकाच कागदावर कोळशाने पॅसेजमधलं पाण्याचं पिंप काढा, फोटो घ्या, थोडं पुसा, पुढची हालचाल काढा, पुन्हा फोटो. पुसलेली रेष पुसटशी उरतेच आणि पाडल्या जाणाऱ्या वास्तूची आठवण तीच सांगते. दक्षिण आफ्रिकेचे विल्यम केंट्रिज असंच काम करतात.

सेकंदाला २४ फ्रेम लागतात. प्रत्येक चित्र दोनदा टिपलं तर १२ पुरतात, म्हणजे अर्ध्या मिनिटाला ३६०. कॅमेरा हलू देऊ नका. खिडकी झाका, ऊन सरकलं की चित्र लुकलुकतं.

जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या (१९१३) आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ अशीच थांबत थांबत टिपली होती.

रहिवाशांची परवानगी घ्या, स्केचबुक भरा आणि चाळ उभी आहे तोवर कामाला लागा.